म्युनिकमध्ये हिवाळाभर सायकलने ऑफिस: टायर, चेन, कपडे, काय काय बदलावं लागेल?

इसारकाठ

नमस्कार मंडळी. घर ते ऑफिस ११ किमी, म्हणजे रोजचे २२. त्यातले साधारण सहा किमी इसार नदीच्या काठाने, काही डांबरी, काही बारीक खडीची वाट. उरलेले शहरातून. वाटेत दोन पूल आणि ट्रामचे रूळ आहेत. सायकल ट्रेकिंग प्रकारची: ७०० बाय ४० चे टायर, ३ बाय ९ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यात) डायनमो. मार्च ते ऑक्टोबर रोज चालते. यंदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीही थांबायचं नाही असं ठरवलंय. डिसेंबरात इथे सूर्य आठला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, तेव्हा जाणं-येणं दोन्ही अंधारात.

तर प्रश्न असे:

१. खिळ्यांचे टायर खरंच लागतात का? मोठे रस्ते तर लगेच साफ होतात. आणि पुढे एकच लावला तर चालेल का?
२. चेनला कुठलं तेल? घरात शिलाई मशीनचं तेल आहे आणि खोबरेल आहे. हसू नका.
३. सायकल तळघरात ठेवावी (१५ अंश असतं) की अंगणातल्या उघड्या शेडमध्ये?
४. कपडे किती आणि कुठले? घामेघूम होऊन मीटिंगला बसायचं नाही.
५. बायकोची ई-सायकल आहे. बॅटरीचं काय करायचं?

तापमान सहसा +५ ते −८. त्याखाली गेलं तर ट्रेन आहेच, त्यामुळे उत्तर ध्रुवाच्या तयारीची गरज नाही.

---

ग्रीसचे_हात

खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. म्युनिकमध्ये ते चेनवर नाही, बरणीतच राहील. मशीनचं तेल फेकून देऊ नका, त्याचं काम पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. +५ ते −८ म्हणजे सौम्य हवामान, असं तुम्ही धरलंय. माणसासाठी ते सौम्य आहे, सायकलसाठी हाच सर्वांत वाईट पट्टा. उणे पंधराला रस्ता कोरडा असतो, बर्फ पिठासारखा असतो, अंगावर काही उडत नाही. शून्याच्या आसपास सगळं ओलं. त्यात मीठ पडलं की ते पाणी −५ लाही गोठत नाही, चाकाबरोबर उडतं आणि थेट चेनवर, डिरेलरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), ब्रेकच्या कॅलिपरवर (पॅड धरणारा भाग) बसतं. त्यातच घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी. मिठाचं पाणी आणि दगडाची पूड, म्हणजे पॉलिश पेपर चोवीस तास चालू.

त्यामुळे हिवाळ्यात चेन ही खर्ची पडणारी वस्तू समजा. नऊ गिअरची चेन स्वस्त मिळते, पण झिजलेली चेन कॅसेटला (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) खाते आणि मग कॅसेट नि पुढच्या दातेरी चकत्याही बदलाव्या लागतात. मोजायची रीत: एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत स्टीलची पट्टी लावा. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. ३०७ झाली (म्हणजे पाऊण टक्का लांबली) की बदला. अकरा-बारा गिअरवाल्यांनी अर्ध्या टक्क्यालाच, म्हणजे ३०६.३ ला बदलावी. मोजमाप नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला घ्या, उन्हाळ्यासारखं तीन महिन्यांनी नाही.

तेल घालण्याची पद्धत, कारण इथेच नव्वद टक्के लोक चुकतात:

दुकानात ओल्या हवामानाचं म्हणून जे घट्टसर चेन-तेल मिळतं तेच घ्या. कोरड्या हवेचं किंवा मेणाचं द्रव वंगण एका ओल्या फेरीत धुऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी चेन तांबूस दिसते. आधी चेन डीग्रीझरने (तेलकट मळ काढणारा द्रव) धुवा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल घातलं तर रोलरच्या (कड्यांमधल्या फिरत्या छोट्या नळ्या) आतलं पाणी आतच कोंडलं जातं. मग आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. साधारण ११० ते ११४ कड्या असतात, तितकेच थेंब. पॅडल उलटं वीस-पंचवीस फेरे फिरवा. रात्रभर ठेवा. सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरून पुसून काढा, अगदी चेन कोरडी वाटेपर्यंत. तेलाचं काम रोलरच्या आत आहे, बाहेर नाही. बाहेर राहिलेलं तेल फक्त खडीची पूड धरून ठेवतं.

मिठाच्या रस्त्यावरून आलात की बादलीभर कोमट पाणी आणि ब्रशने चेन, डिरेलर, कॅलिपर, मडगार्डची आतली बाजू धुवा. मीठ पुसून जात नाही, ते विरघळवावं लागतं. पेट्रोल पंपावरचा जोरदार फवारा अजिबात नको, तो बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो. आणि डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा पाणी हटवायला ठीक आहे, पण ते चेनचं तेल नव्हे. ते मारलंत तर वर पुन्हा तेल घालावंच लागेल.

आता मशीनचं तेल. मागच्या हबमध्ये फ्रीहब असतो, त्यात स्प्रिंगवर बसलेले छोटे कुत्रे असतात, पॅडल मारलं की ते दात्यांत अडकतात. तिथे घट्ट ग्रीस भरलेलं असेल तर थंडीत ते चिकट होतं, कुत्रे वर येत नाहीत आणि पॅडल फुकट फिरतं. गिअर तुटला असं वाटतं, पण तुटलेलं काही नसतं. −८ ला हे क्वचित होईल, −१५ ला नक्की. फ्रीहब उघडून जुनं ग्रीस पुसायचं आणि पातळ तेलाचे चार-पाच थेंब. मशीनचं तेल तिथे उत्तम. बेअरिंगच्या गोळ्यांना मात्र ग्रीसच.

नोव्हेंबरच्या आधी एकदाच करायची कामं: सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून ग्रीस लावून परत बसवा, पॅडलच्या आट्यांना ग्रीस, मडगार्ड नि कॅरिअरच्या स्क्रूंना ग्रीस. ॲल्युमिनियम आणि स्टील एकत्र, त्यात मिठाचं पाणी, की मार्चमध्ये सीटपोस्ट फ्रेममध्ये कायमचा रुतून बसतो. (कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बनची वेगळी पेस्ट असते.) गिअरची केबल आणि तिचं बाहेरचं आवरण दोन्ही नवीन घाला. जुन्या आवरणात पाणी शिरलेलं असतं, सर्वांत खालच्या वळणात साचतं आणि तिथेच गोठतं. मग गिअर एका जागी अडकून बसतो.

---

ओउलूचा_ध्रुव

टायरबद्दल मी लिहितो. ओउलू हे फिनलंडमधलं शहर, हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद २०१३ साली इथेच भरली होती. इथे मुख्य सायकलमार्गांवर बर्फ काढून टाकत नाहीत, दाबून सपाट करतात. थंडी सलग असते, त्यामुळे तो दाबलेला बर्फ सिमेंटसारखा राहतो आणि बरेच जण बिनखिळ्यांच्या टायरवरही आरामात जातात.

तुमच्याकडे परिस्थिती नेमकी उलटी. आल्प्सवरून तो गरम वारा सुटला, ज्याला तुमच्याकडे फ्योन म्हणतात, की दुपारी +८ होतं, बर्फ वितळतो, पाणी वाटेवर पसरतं, आणि रात्री पुन्हा −३. सकाळी सातला तुम्ही ज्यावरून जाता तो बर्फ नसतो, काच असते. आणि शून्याजवळचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा कितीतरी निसरडा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, लागतात. वर्षातले वीसेक दिवसच लागतील, पण ते वीस दिवस कुठले हे आदल्या रात्री कळत नाही.

शहर साफ होतं हे खरं. पण नदीकाठची वाट, झाडांच्या सावलीतले तुकडे आणि पूल यांचं काय? पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, म्हणून रस्ता ओला असतानाच पूल गोठलेला असतो. तुमच्या वाटेवर दोन आहेत.

एक की दोन: पुढचं चाक घसरलं की माणूस खाली, सावरायला वेळच मिळत नाही. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून एकच घ्यायचा असेल तर पुढे. पण चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरेल आणि उतारावर मागचा ब्रेक दाबला की ते आडवं येईल, हे धरून चाला. दोन्ही घेणंच बरं.

खिळे टंगस्टन कार्बाइडचे हवेत, साध्या स्टीलचे डांबरावर लवकर झिजतात. दोन रांगांचे टायर येतात, त्यात शंभर-सव्वाशे खिळे असतात. चार रांगांचे येतात, त्यात दोनशेच्या वर. श्वाल्बेचा मॅरेथॉन विंटर आणि फिनलंडच्या सुओमीचे टायर हे चार रांगांतले नेहमीचे. तुम्ही चार रांगांचेच घ्या. मधल्या दोन रांगा सरळ जाताना, बाहेरच्या दोन वळताना लागतात. सायकल आडवी होते ती वळतानाच. वजन एकेकाचं किलोच्या आसपास, आणि डांबरावर कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. वेग ताशी दोन-तीन किमीने कमी होतो. ११ किमीला पाच मिनिटं जास्त धरा.

नवे टायर घातल्यावर पहिले ४० ते ५० किमी कोरड्या डांबरावर, जोरात ब्रेक न मारता आणि उभं राहून पॅडल न मारता चालवा. खिळे रबरात नीट बसायला हे लागतं. हे न करता पहिल्याच दिवशी बर्फावर गेलात तर खिळे उपटून पडतात. म्हणजे बर्फ पडायच्या आधी, नोव्हेंबरच्या मध्यात घाला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवा. हातमोजे घालून बसवा, खिळे बोटं सोलतात.

हवा: ४२ मिमीच्या खिळ्यांच्या टायरला, तुम्ही मध्यम वजनाचे असाल तर पुढे ३ बार, मागे ३.५. बर्फाच्या दिवशी अर्धा बार कमी, म्हणजे बाहेरच्या रांगाही जमिनीला टेकतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान दाबाखाली जाऊ नका. आणि एक हिशेब लक्षात ठेवा: २० अंशांच्या खोलीत ४ बार भरलेली हवा बाहेर −१० ला साडेतीनच उरते. पंक्चर नाही, निव्वळ थंडी. दाब बाहेरच्या तापमानात मोजा.

खिळे कुठे उपयोगाचे नाहीत तेही सांगतो. दहा सेंटीमीटर मऊ बर्फात, चिखलासारख्या पाणचट बर्फात, आणि गुळगुळीत दगडी फरशीवर. ऑफिसच्या तळमजल्यावरच्या टाइल्सवर खिळ्यांचा टायर साबणासारखा सरकतो. तिथे उतरून चाला.

---

मिनीआ_पोळी

वरच्या दोघांशी सहमत, एका गोष्टीत भर. मडगार्ड. ४२ मिमीच्या खिळ्यांच्या टायरला किमान ५२-५५ मिमी रुंद मडगार्ड लागतं, आणि टायर नि मडगार्ड यांत बोटभर तरी जागा. कमी असेल तर पाणचट बर्फ आत दाबला जातो, रात्री गोठतो आणि सकाळी चाक फिरतच नाही. तुमचा टायर आत्ता ४० चा आहे, तेव्हा ४२ चे खिळेवाले मावतात का ते फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये मोजून घ्या. मावत नसतील तर ३५ चे घ्या, चालतात. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर जवळजवळ जमिनीपर्यंत लावा. बूट कोरडे राहतात आणि चेनवर येणारं मिठाचं पाणी निम्म्यावर येतं. घरातल्या जुन्या रबरी मॅटचा तुकडा आणि दोन स्क्रू, बास.

ब्रेक: हायड्रॉलिक डिस्क असेल तर चिंता कमी. −८ ला लिव्हरमध्ये फरक जाणवणार नाही. उणे वीसला तेल घट्ट होऊन लिव्हर सुस्त परत येते. पॅड मात्र बघा. रेझिनचे पॅड ओल्या खडीत भराभर झिजतात, धातुमिश्रित पॅड टिकतात, पण आवाज करतात. आणि रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) काय कोरलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं, त्यावर धातूचे लावले तर रोटर खरवडला जातो. पॅडचा मसाला अर्ध्या मिमीवर आला की बदला, हिवाळ्यात एक जोडी जवळ ठेवाच.

धुतलेली सायकल तशीच थंडीत नेली तर कॅलिपरमधलं पाणी गोठतं आणि पॅड रोटरला चिकटतात. निघायच्या आधी सायकल दोन पावलं ढकलून दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. दहा सेकंदांचं काम आहे.

कुलूप: चावीचं भोक खाली तोंड करून लावा. आत ग्रॅफाइटची पूड किंवा कुलपाचं खास तेल. गोठलंच तर गरम पाणी ओतू नका, पाच मिनिटांनी दुप्पट गोठतं. कुलूप उघडायचा अल्कोहोलचा फवारा मिळतो, तो कोटाच्या खिशात ठेवायचा. सायकलच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी कुलपाच्या पलीकडे, तर काय उपयोग?

---

इसारकाठ

बाप रे, भरपूर मिळालं. रोटरवर खरंच रेझिनचं लिहिलंय, आत्ता जाऊन पाहिलं. फ्रेममध्ये ५७ मिमी जागा आहे, मडगार्ड मात्र ४५ चं. ते बदलतो.

तळघर की शेड यावर अजून कोणी बोललं नाही.

---

ग्रीसचे_हात

रोटर तसाच असेल तर रेझिन पॅडच ठेवा, फक्त डिसेंबर-जानेवारीत दर पंधरवड्याला टॉर्च मारून जाडी बघा.

तळघर. पण अटीवर. संध्याकाळी सायकलवरचा बर्फ बाहेरच झटका, मिठाचा दिवस असेल तर कोमट पाणी मारा, चेन फडक्याने पुसा, आणि रात्रभर पूर्ण वाळू द्या. १५ अंशांच्या तळघरात दहा-बारा तासांत वाळते. तासाभराने पुन्हा बाहेर काढायची असेल तर तळघरात नेऊच नका. बर्फ वितळतो, पाणी केबलमध्ये आणि फ्रीहबमध्ये उतरतं, बाहेर गेल्यावर तिथेच गोठतं. अर्धवट ऊब सर्वांत वाईट.

---

ओउलूचा_ध्रुव

इथे असहमत. उबेत मीठ जास्त जोमाने खातं. आमच्याकडे सायकल मार्चपर्यंत बाहेरच असते, गोठलेली ती गोठलेली.

---

ग्रीसचे_हात

तुमच्याकडे गोठलेली राहते, म्हणून. म्युनिकमध्ये ती शेडमध्ये रोज दुपारी वितळणार आणि रोज रात्री गोठणार, मीठ अंगावर तसंच. शिवाय तुमच्या सायकलमार्गांवर खडी जास्त, मीठ कमी. मिठाच्या शहरात धुवून वाळवणं हाच उपाय, आणि धुवायला-वाळवायला उबदार जागा लागते. सलग −५ च्या खालचा आठवडा आला तर शेड, एरवी तळघर. यावर तडजोड करायला तयार आहे.

---

कानटोपी

चौथा प्रश्न माझा. घाम न येऊ देणं हाच थंडीतल्या कपड्यांचा सगळा सार आहे. घामाने ओला झालेला माणूस थांबला की पाच मिनिटांत कुडकुडतो.

नियम एकच: घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांनी अंग तापतं. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, उतरवून ठेवा.

अंगाला लागून सुती काहीही नको. ना बनियन, ना टी-शर्ट. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. मेरिनो लोकरीचा पातळ पूर्ण बाह्यांचा थर सर्वांत चांगला, वासही धरत नाही, म्हणजे रोज धुवावा लागत नाही. त्यावर +५ ला फक्त वारा अडवणारं जॅकेट. शून्याच्या खाली मध्ये एक फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. हो, गावाकडून आलेला हाताने विणलेला स्वेटरही चालतो, उत्तम चालतो, फक्त त्याच्यातून वारा आरपार जातो म्हणून वर जॅकेट हवंच. जॅकेटला काखेखाली चेन असेल तर पैसे वसूल. पाण्याला पूर्ण अडवणारं जाड जॅकेट रोज घालू नका, आतून भिजाल.

वाऱ्याचा हिशेब: हवा −५ आणि तुम्ही ताशी २० ने जाताय, तर उघड्या कातडीला ते −१२ सारखं लागतं. हवा शून्य असेल तर −५ सारखं. म्हणून मांड्यांची पुढची बाजू, छाती आणि हात यांना वारा अडवणारं कापड लागतं. पाठीला नाही. पाठीला जाळी असलेलं जॅकेट मिळतं ते उगाच नाही.

हात. बोटं वेगवेगळी असलेले हातमोजे −२ पर्यंत ठीक. त्याखाली दोन-दोन बोटं एकत्र असलेले, खेकड्याच्या नांगीसारखे हातमोजे घ्या. ब्रेकही दाबता येतो आणि बोटं एकमेकांना ऊब देतात. रोज जायचं असेल तर हँडलबारवर कायम बसवायच्या जाड पिशव्या मिळतात, त्यात हात घालायचे. दिसायला स्वयंपाकघरातल्या टी-कोझीसारख्या दिसतात, पण आत पातळ हातमोजा पुरतो. जाड हातमोजा घट्ट बसता कामा नये. बोटात रक्त फिरलं तरच ऊब राहते.

पाय. हाच नियम. दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करणं ही सगळ्यांची पहिली चूक. एक जाड लोकरीचा मोजा आणि एक नंबर मोठा बूट. पॅडलमध्ये अडकणारे क्लिटचे बूट असतील तर तो धातू तळव्याची ऊब खेचून घेतो. सपाट पॅडल आणि घोट्यावर येणारा बूट बरा, वेळेवर पाय टेकवताही येतो. सपाट पॅडलवर टोकदार खिळे असलेलं घ्या, नाहीतर ओला बूट निसटतो.

डोकं. आपली माकडटोपी हेल्मेटखाली घालू नका. जाड टोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि आपटल्यावर जागेवरून सरकतं. पातळ टोपी, कान झाकणारी, आणि हेल्मेटचा मागचा चाकाचा पट्टा सैल करून पुन्हा घट्ट करा. गळ्याला नळीसारखा कपडा, तो −५ च्या खाली नाकापर्यंत ओढायचा. दम्याचा त्रास असेल तर शून्यालाच ओढा, थंड कोरड्या हवेने दमा उसळतो. चष्मेवाल्यांनी कापड नाकावर घेतलं की काच धुरकटते, त्यामुळे नाक उघडं ठेवून फक्त तोंड झाका.

ओठांना कोकमाचं तेल. दुकानातल्या पाच युरोच्या नळीपेक्षा किती तरी सरस. वितळवून नाही, घासून लावायचं, थंडीत ते दगड होतं. गालाला मलम चोपडलं म्हणजे थंडीपासून रक्षण झालं असं मात्र नाही. कातडी पांढरट पडली आणि बधिर झाली तर चोळू नका, आत जा आणि कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या. मधुमेह असेल तर पायांची संवेदना आधीच कमी असते, पोचल्यावर बोटं डोळ्यांनी बघायची सवय लावा.

ऑफिसात: एक कोरडा सदरा आणि मोजे खणात ठेवा. शेवटचे दोन किमी हळू चालवा आणि जॅकेटची चेन उघडी ठेवा, अंग सुकत जातं. हा भाग कोणी करत नाही, आणि मग घामाबद्दल तक्रार करतात.

---

निफाडकर

हे सगळं वाचून हुडहुडी भरली. नाशिक-त्र्यंबक पहाटे पाचला निघतो त्यांच्यासाठी काही? ७-८ अंश, धुकं.

---

कानटोपी

निफाडकर, तुमच्याकडे दोनच गोष्टी. वारा अडवणारं पातळ जॅकेट, जे नऊला गुंडाळून मागच्या खिशात जातं, आणि बाह्या चढवायच्या-उतरवायच्या. जॅकेट नसेल तर वर्तमानपत्र जर्सीखाली छातीला लावा. जुना उपाय आहे, उतारावर फार कामाचा. धुक्यात मागचा लाल दिवा मात्र एकाऐवजी दोन, एक सायकलला आणि एक हेल्मेटला.

---

मिनीआ_पोळी

दिव्यांवरून आठवलं. इसारकाठ, तुमचा डायनमो असल्यामुळे बॅटरी थंडीत मरण्याचा प्रश्न नाही. पण एलईडी तापत नाही, त्यामुळे काचेवर चिकटलेला बर्फ वितळत नाही. सिग्नलला थांबलात की बोटाने पुसा, मागचाही. मागचा दिवा मडगार्डवर खाली असेल तर चिखलाने झाकला जातो, कॅरिअरवर घ्या. डायनमोच्या तारेच्या टोकांना थोडं ग्रीस. जर्मनीत लुकलुकणारा दिवा सायकलवर चालत नाही, सतत जळणारा हवा, आणि झोत खाली वाकवलेला.

---

ओउलूचा_ध्रुव

कायद्याचं दोन ओळींत: जर्मनीत मोटारींना खिळ्यांचे टायर बंद आहेत, सायकलला चालतात. पण बायकोची ई-सायकल ताशी ४५ वाली असेल तर ती मोटारवाहनात मोडते, तिला नाही. २५ वाली साधी सायकलच. आणि निळ्या गोल पाटीचा सायकलमार्ग बर्फाने वापरण्याजोगा नसेल तर रस्त्यावरून जायला हरकत नसते. लोक घाबरून त्या बर्फातूनच जातात.

बॅटरी: रात्री घरात आणा, निघायच्या दोन मिनिटं आधी बसवा. शून्याजवळ रेंज साधारण पाचव्या हिश्श्याने कमी धरा, −१० ला त्याहून जास्त. गार बॅटरी चार्जला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचतो आणि क्षमता कायमची जाते, परत येत नाही. खोलीत दोन तास ठेवून मगच लावा. निओप्रीनचं आवरण मिळतं, ते बाहेर सायकल उभी असताना उपयोगी. बॅटरीच्या जोडणीच्या पिना रोज कोरड्या कापडाने पुसा, मिठाच्या पाण्याने त्या हिरव्या पडतात.

चालवण्याबद्दल: बर्फाच्या दिवशी सीट एक-दोन सेंटीमीटर खाली, पाय पटकन टेकवता यावा म्हणून. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळणात ना ब्रेक, ना पॅडल. निसरडं लागलं तर काहीच करू नका, हँडल सैल धरा आणि सरळ जाऊ द्या. ट्रामचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. गोठलेल्या चाकोऱ्या रुळांइतक्याच वाईट, त्यांच्यातून तिरपं बाहेर पडायला जाऊ नका.

---

इसारकाठ

सगळ्यांचे आभार. खरेदीची यादी अशी झाली: चार रांगांचे ४२ चे दोन टायर, ५५ चं मडगार्ड, ओल्या हवेचं चेन-तेल, केबल-आवरण, रेझिन पॅडची एक जोडी, हँडलबारच्या पिशव्या. मशीनचं तेल आहेच. तळघरावर तुम्हा दोघांचं भांडण मिटलं नाही तरी मी सध्या तळघर धरतो.

एक राहिलं: खिळे बसवायचे ४० किमी मी ऑफिसला जाऊन-येऊन दोन दिवसांत करू का, की एका दमात करायला हवेत?

---

ओउलूचा_ध्रुव

दोन दिवसांत चालेल. फक्त खडीच्या वाटेने नको, त्या दोन दिवशी शहरातल्या डांबरावरूनच जा.